न उतरणारी सूज आणि न मोजलेली वेदना

हातापायांच्या दीर्घकालीन सुजेला वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी बराच काळ 'वेदनारहित सूज' म्हटले, आणि या एका विशेषणामुळे अशा रुग्णांना दुखण्याबद्दल विचारण्याची रीतच पडली नाही. पायाचा घेर टेपने मोजायचा, बोट दाबून खळगा पडतो का ते पाहायचे, सुजेची पायरी ठरवायची आणि औषध लिहून द्यायचे, एवढ्यावर तपासणी संपत असे. रात्री झोप लागते का, शेतात किती वेळ उभे राहवते, लग्नकार्याला जाणे कधीपासून बंद झाले, हे प्रश्न त्या कागदावर नसत. प्रत्यक्षात पायाचा घेर आणि माणसाचा त्रास यांचे प्रमाण सरळ नसते. थोडी सूज असलेली एखादी व्यक्ती घराबाहेर पडणे सोडून देते, तर मोठी सूज घेऊन दुसरी रोजची कामे करत राहते. हा फरक कशामुळे पडतो हे समजून घेतल्याशिवाय या आजाराचा खरा भार कळत नाही.

शरीरातील केशवाहिन्यांतून दररोज काही लिटर द्रव आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतो. त्यातील जो भाग, आणि विशेषतः जी प्रथिने, परत रक्तात शिरू शकत नाहीत, त्यांना वाहून नेण्यासाठी लसीकावाहिन्यांचे बारीक जाळे असते आणि या जाळ्यातील द्रवाला लसीका म्हणतात. भातखाचरातील जादा पाणी काढून देण्यासाठी बांधात ठेवलेली वाट गाळाने बुजली की खाचर तुंबते आणि रोपे कुजू लागतात, तसेच काहीसे लसीकावाहिन्या निकामी झाल्यावर होते. साचलेला द्रव नुसता पाणीदार नसतो. त्यातील प्रथिनांमुळे ऊतींमध्ये सतत मंद दाह चालू राहतो, हळूहळू तंतुमय पेशीजाल आणि चरबी वाढते, त्वचा जाड व खरखरीत होते आणि सुरुवातीला रात्रभर पाय उंच ठेवल्यावर उतरणारी सूज पुढे कायमची होऊन बसते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, कारण अडचण पाण्याच्या प्रमाणाची नसून निचऱ्याची असते. तरीही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे त्याच गोळ्या घेत राहतात.

निचरा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. जन्मजात दोष, शिरांचे जुने विकार, धावरे या नावाने ओळखला जाणारा त्वचेचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग, कर्करोगासाठी काढलेल्या लसीकाग्रंथी किंवा दिलेले किरणोपचार ही त्यांपैकी काही. म्हणून सुजलेला प्रत्येक पाय हा हत्तीपाय नव्हे. तरीही महाराष्ट्रात या विषयाचा विचार हत्तीरोगाला वगळून करता येत नाही. क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरणारा वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा धाग्यासारखा कृमी लसीकावाहिन्यांतच घर करतो, तेथे सहा ते आठ वर्षे जगतो आणि वाहिन्या ताणून, सैल करून त्यांचे काम बिघडवतो. संसर्ग बहुधा लहानपणी होतो, सूज मात्र तारुण्यात किंवा त्यानंतर दिसते, त्यामुळे आजाराचे मूळ आणि त्याचे फळ यांच्यात इतके अंतर पडते की अनेकांना ती आपल्या एखाद्या चुकीची शिक्षा वाटते. सुश्रुतसंहितेत 'श्लीपद' या नावाने हा विकार वर्णिला आहे. तो घडवणाऱ्या कृमीची पिल्ले, म्हणजे सूक्ष्मकृमी, माणसाच्या रक्तात असतात हे टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात दाखवले, आणि डासांशी असलेला त्यांचा संबंध पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे उलगडला.

राज्यात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा या रोगाचे जुने ठाणे आहे. मराठवाड्यातील काही जिल्हे, सोलापूर, जळगाव, आणि कोकणाच्या बाजूला ठाणे, पालघर व सिंधुदुर्ग यांचीही नावे त्या यादीत येतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तनिदानावर अनेक वर्षे काम केले. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, २००४ पासून गावोगावी सामुदायिक औषधोपचार मोहिमा होऊ लागल्या, आणि एकाच वेळी तीन औषधे देण्याची पद्धत देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत आली त्यांत २०१९ च्या सुरुवातीला नागपूरचा समावेश झाला. या गोळ्या रक्तातील सूक्ष्मकृमी मारतात आणि पुढचा प्रसार थांबवतात. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांची सूज त्या उतरवत नाहीत, ही गोष्ट मोहिमेच्या काळात रुग्णाला स्पष्ट सांगितली गेली नाही तर दरवर्षी गोळ्या गिळूनही पाय तसाच राहिल्याचे पाहून त्याचा उपचारांवरचा विश्वास उडतो.

वेदनेचा विचार करताना तिचे प्रकार वेगळे काढावे लागतात. रोजची वेदना बहुधा जडपणाची असते: दिवस मावळेपर्यंत पाय भरून येतो, त्वचा तडतडते, गुडघा आणि कंबर वाढलेले वजन ओढून दुखू लागतात. काहींना दाबल्या गेलेल्या मज्जातंतूंमुळे मुंग्या आणि चमका येतात. परंतु रुग्णांना सर्वांत जास्त धास्ती असते ती तीव्र झटक्यांची. बोटांच्या बेचक्यातील भेगेतून जंतू आत शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, जांघेत अवधाण येते, पाय लाल होऊन ठणकू लागतो आणि माणूस चार-आठ दिवस अंथरुणाला खिळतो. प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या लसीकावाहिन्यांची आणखी हानी होते आणि सूज एक पायरी वर चढते. हे झटके थेट कृमींमुळे येतात असा पूर्वी समज होता. ब्राझीलमधील रेसिफे येथे गेरुसा ड्रायर यांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामातून त्यांपैकी बहुतेकांमागे साधे जिवाणू असतात हे पुढे आले, आणि त्यामुळे उपचाराची दिशाच बदलली.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदना ही संवेदना आणि भावना या दोन्हींचा मिळून होणारा अप्रिय अनुभव मानली आहे. त्याआधी १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांताने हे सुचवले होते की शरीराच्या कडेकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूमध्ये कमी-जास्त केले जातात आणि या नियंत्रणात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो. भीती, चिंता, निद्रानाश आणि खिन्नता यांमुळे तेच दुखणे अधिक तीव्र जाणवते, याचा अर्थ ते दुखणे काल्पनिक असते असा नाही. 'मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे हे शरीरशास्त्राच्याही विरुद्ध आहे. सुजेच्या आजारात तर मन आणि पाय एकमेकांना प्रत्यक्ष बिघडवतात. दुखेल या भीतीने माणूस चालणे कमी करतो. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की लसीका वर ढकलली जाते, म्हणून चालणे थांबले की सूज वाढते. सूज वाढली की दुखणे वाढते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. खिन्न माणसाकडून पाय धुण्या-पुसण्याची रोजची शिस्त पाळली जात नाही, बेचक्यात भेगा पडतात आणि पुढचा झटका येतो.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा डोंगराळ मुलूख, म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग जेथे कशेडी घाट चढून रत्नागिरीच्या खेड तालुक्यात उतरतो तो टापू, डोळ्यांसमोर आणला तर हे दुष्टचक्र जागेनुसार किती वेगळे रूप घेते हे दिसते. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताची लावणी गुडघाभर चिखलात, दिवसदिवस वाकून, बहुतेक अनवाणी केली जाते. निरोगी माणसाच्याही बोटांत चिखल्या होतात, त्वचा पांढरी पडून फाटते. ज्याच्या पायातील लसीकेचा निचरा आधीच मंदावला आहे त्याच्यासाठी ही फाटलेली बेचकी म्हणजे जंतूंना उघडी वाट असते. घानामधील शेतकरी गावांत झालेल्या अभ्यासात तीव्र झटके पावसाळ्यात, म्हणजे शेतीच्या ऐन हंगामात वाढतात असे आढळले होते, आणि कोकणातील लावणीच्या पद्धतीकडे पाहता येथेही तीच जोखीम उभी राहते. हंगामाच्या त्या दिवसांत अंथरुणावर पडलेल्या बाईला किंवा पुरुषाला तापापेक्षा अधिक जाचते ती घरच्यांची कामे अडल्याची जाणीव. आपण घराला भार झालो आहोत ही भावना खिन्नतेच्या निदानात मानसोपचारतज्ज्ञ आवर्जून शोधतात, आणि शेतकरी कुटुंबात तिचा उगम बहुधा अशा वाया गेलेल्या हंगामात असतो.

उपचारांनाही या मुलखात निसर्गाचा अडसर आहे. पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या पायाच्या बोटांपासून वरपर्यंत बांधाव्यात आणि त्या रोज धुऊन वाळवाव्यात असा सल्ला दिला जातो; परंतु आषाढ-श्रावणात घरातले कपडेच चार दिवस वाळत नाहीत तेथे पट्टी कोठे वाळणार, हा प्रश्न सल्ला देणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. ओली पट्टी बांधण्यापेक्षा न बांधणे बरे, हे रुग्णाला कोणी सांगत नाही, आणि मग पट्टी सुटल्याचा दोषही तो स्वतःकडेच घेतो. पट्ट्यांचे दोन-तीन जोड, चुलीच्या उबेला वाळत घालण्याची सोय, शेतात घालता येईल असे रुंद रबरी पादत्राण, या बारीक गोष्टींवर पावसाळ्यातील सुजेचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. कशेडी घाटाला पर्याय म्हणून खोदलेल्या जोडबोगद्यांपैकी एकातून २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि महामार्गाचा प्रवास सोपा झाला. डोंगरातील वाडीपासून त्या महामार्गापर्यंतची पायवाट मात्र सुजलेल्या पायाला पूर्वीइतकीच लांब आहे. महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. घरातील कर्ता पुरुष बहुधा तेथेच चाकरमानी असतो, त्यामुळे मोठ्या रुग्णालयात जाणे हे त्याच्या सुट्टीवर ठरते, आणि सुट्टी गणपतीला किंवा होळीला मिळते.

लाज हा या आजाराचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. साडीच्या घोळात पाय झाकता येतो, पण सुजलेल्या बोटांवरून जोडवी काढावी लागतात, पुन्हा चढत नाहीत, आणि सवाष्ण बाईच्या बोटांत जोडवी नसणे गावाच्या नजरेत लगेच येते. बाजारातील चप्पल बसत नाही म्हणून देवळात, हळदीकुंकवाला, लग्नाला जाणे टाळले जाते. पुरुषांमध्ये हत्तीरोगामुळे होणारी अंडवृद्धी याहून अधिक लपवली जाते. तिच्यावर शस्त्रक्रियेचा चांगला उपाय असूनही कित्येकजण वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे जात नाहीत, कारण आधी ती बोलून दाखवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे अडीच कोटी पुरुषांना हत्तीरोगजन्य अंडवृद्धी आणि दीड कोटीहून अधिक लोकांना लसीकासूज आहे. श्रीलंका, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि हैती येथे रुग्णांशी सविस्तर बोलून झालेल्या अभ्यासांत चेष्टा, मोडलेली किंवा न जुळलेली लग्ने, स्वतःहून ओढवून घेतलेला एकांत हीच तक्रार वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा येते. इथिओपियात लाल ज्वालामुखीय मातीत अनवाणी शेती केल्याने होणाऱ्या, कृमींशी संबंध नसलेल्या पायसुजेच्या रुग्णांमध्येही खिन्नतेचे प्रमाण शेजाऱ्यांच्या तुलनेत बरेच जास्त आढळले. यावरून मानसिक त्रासाचे मूळ कृमीत नसून दिसणाऱ्या सुजेत आणि तिच्याकडे पाहणाऱ्या समाजात आहे, असे मानायला जागा आहे.

या त्रासाला आकड्यांत मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न २०१५ मध्ये झाला. आजारपणामुळे आणि अकाली मृत्यूमुळे गमावलेली निरोगी वर्षे हे एकक धरून टॉन, मॅकेन्झी आणि मॉलिन्यू या संशोधकांनी हत्तीरोगाच्या रुग्णांमधील खिन्नतेचा भार सुमारे ५१ लाख वर्षांचा, आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांमधील खिन्नतेचा भार सुमारे २ लाख ३० हजार वर्षांचा असल्याचा अंदाज मांडला. जागतिक रोगभाराच्या २०१० च्या गणनेत या रोगाचा शारीरिक भार सुमारे २८ लाख वर्षे धरलेला होता. हे अंदाज आहेत, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरीही ज्या दुखण्याला हिशेबात जागाच नव्हती ते हिशेबात धरलेल्या दुखण्याच्या जवळजवळ दुप्पट निघावे, ही बाब आरोग्ययोजना आखणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी. घरच्यांचा उल्लेख तर विशेष महत्त्वाचा आहे, कारण पाय धुणारी, पट्टी बांधणारी सून किंवा मुलगी कोणत्याच नोंदवहीत नसते.

शहरी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. स्तनांच्या कर्करोगावरील उपचारांत काखेतील लसीकाग्रंथी काढल्यानंतर किंवा तेथे किरणोपचार झाल्यावर पाचांपैकी एकीहून अधिक स्त्रियांच्या हाताला पुढे कधी ना कधी सूज येते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन कोकणात परतणाऱ्या स्त्रियांनाही हाच धोका असतो. कर्करोगातून वाचल्याचा आनंद घरचे व्यक्त करत असताना ब्लाउजची बाही चढत नाही, हातातील बांगडी काढावी लागते, आणि प्रत्येक वेळी जड झालेला हात 'रोग परत तर आला नाही ना' ही शंका जागी करतो. जिवावरचे संकट टळले असता हाताच्या सुजेची तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते, म्हणून ती केलीच जात नाही. आणि उशिरा आलेल्या सुजेवर उपचार कठीण जातात.

उपचारांची मूळ कृती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. साबण आणि साध्या पाण्याने पाय रोज धुणे, बेचकी हलक्या हाताने कोरडी करणे, भेगांवर बुरशीनाशक किंवा जंतुनाशक मलम लावणे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवणे, घोटा वरखाली हलवण्याचा व्यायाम करणे आणि अनवाणी न चालणे. केरळमधील आलप्पुळा येथे डॉ. आर. के. शेणॉय यांच्या गटाने १९९० च्या दशकात केलेल्या तुलनात्मक चाचण्यांत पायाच्या अशा नियमित निगेने तीव्र झटक्यांचे प्रमाण कमी होते हे दिसले. त्याच राज्यातील कासारगोडच्या उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेने धुणे, आयुर्वेदिक तेलांचा वापर, योगासने आणि दाबपट्ट्या यांची सांगड घालून एक एकत्रित उपचारपद्धती विकसित केली. शासकीय कार्यक्रमातही रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम यांचा संच देऊन पाय धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवले जाते. संच देण्याइतकेच ते प्रात्यक्षिक मोलाचे असते, कारण आरोग्य कर्मचारी ज्या क्षणी रुग्णाचा पाय स्वतःच्या हाताने धरतो, त्या क्षणी कित्येक वर्षांत प्रथमच कोणीतरी त्या पायाला किळस न मानता स्पर्श केलेला असतो.

या निगेचा मनावर होणारा परिणाम तिच्या शारीरिक परिणामाइतकाच खरा आहे. झटके केव्हा येतील हे न कळणे हे चिंतेचे मोठे कारण असते. ते आपल्या हाताने टाळता येतात असा अनुभव एका पावसाळ्यात आला की असहायता ओसरू लागते. दुर्गंधी गेली की माणूस लोकांत बसू लागतो, आणि हे सूज एक सेंटिमीटरही कमी न होता घडू शकते. रेसिफेमध्ये ड्रायर यांनी रुग्णांचे 'आशा क्लब' उभे केले, हैतीतील लेओगानमध्ये सूज असलेल्या स्त्रियांचे गट जमू लागले. पाय एकत्र धुणे, व्यायाम, गप्पा आणि कधी एखादे घरगुती उत्पन्नाचे काम असे त्यांचे स्वरूप होते. महाड-पोलादपूरच्या गावांत महिला बचत गट आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, भजनी मंडळे आहेत. अशा गटासाठी लागणारी घडी येथे नव्याने बसवावी लागणार नाही. तरी लाजेचा विचार करता पहिली बैठक गावाच्या चावडीवर न घेता उपकेंद्राच्या आतल्या खोलीत घ्यावी लागेल.

काही रुग्णांना एवढे पुरत नाही. सतत उदास वाटणे, कशात रस न उरणे, झोप आणि भूक उडणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तो खिन्नतेचा विकार मानून त्यावर समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे द्यावी लागतात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. कशेडीच्या उत्तरेला ठाणे आणि दक्षिणेला रत्नागिरी, दोन्ही पाय सुजलेल्या माणसाला दूरच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा हे अंतर काही प्रमाणात कमी करतात. परंतु सुजेचा रुग्ण त्या सेवेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पाय तपासणाऱ्या व्यक्तीने त्याला झोपेबद्दल, दुखण्याबद्दल आणि उदासीबद्दल विचारलेले असले पाहिजे. शून्य ते दहा या मापावर वेदना किती आणि गेल्या दोन आठवड्यांत मन कसे होते, हे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

भारताने हत्तीरोगाच्या दुरीकरणासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. दुरीकरणाची मान्यता मिळवताना देशाला प्रसार थांबल्याचा पुरावा तर द्यावा लागतोच, शिवाय लसीकासूज आणि अंडवृद्धीचे रुग्ण किती व कोठे आहेत आणि त्यांच्यासाठी सेवा कोठे उपलब्ध आहे याचीही नोंद सादर करावी लागते. या सेवेच्या किमान संचात जागतिक आरोग्य संघटनेने कृमीनाशक औषध, तीव्र झटक्यावरील उपचार, सुजेची निगा आणि अंडवृद्धीची शस्त्रक्रिया या चार गोष्टी धरल्या. दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या रुग्णांचे मानसिक आरोग्य या विषयावर त्याच संघटनेने २०२० मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली. आज तिशी-चाळिशीत असलेला रुग्ण प्रसार थांबल्याच्या घोषणेनंतरही तीन-चार दशके सुजलेला पाय घेऊन जगणार आहे, तोवर मोहिमेची पथके आणि रात्रीचे रक्तनमुने घेणारी चिकित्सालये बंद झालेली असतील, आणि त्याची निगा गावच्या उपकेंद्राकडेच येणार आहे. त्या उपकेंद्राच्या नोंदवहीत पायाच्या घेराशेजारी वेदनेचा आणि मनःस्थितीचा रकाना आत्ताच, पथके कामावर असतानाच, आखून घेता येतो.